विलायतेच्या गोदींतील कोंकणी खलाशी

विलायतेस जाऊन आलेला मनुष्य म्हटला कीं आपल्या पुण्यांतील सुशिक्षित घरांत एकेकाळीं एक ठराविक चित्र डोळ्यांपुढें उभें राहत असे. तो बॅरिस्टर असावयाचा, आय्. सी. एस्. च्या परीक्षेस बसलेला असावयाचा, निदान तेथील एखाद्या विश्वविद्यालयाची पदवी तरी त्यानें आणलेली असावयाची. तो निघे त्या दिवशीं धक्क्यावर हारतुरे होत. परत येई तेव्हां पानसुपारी होई. आणि समुद्रगमनाबद्दल त्यानें प्रायश्चित्त घ्यावें कीं नाहीं, यावर गांवांत दोन तट पडत. परंतु हा भाग्यवान् विद्यार्थी ज्या आगबोटीनें गेला, त्याच आगबोटीची फळी पहांटे उठून पाण्यानें घांसणारा रत्नागिरीकडील खलाशीही विलायतेसच चालला होता. त्याला कोणीं हार घातला नाहीं, आणि त्याच्या प्रायश्चित्ताचा प्रश्न कोणत्याही सभेंत निघाला नाहीं. विद्यार्थी आयुष्यांत एकदां जाई. खलाशी वर्षामागून वर्षें जात राही.

महाराष्ट्रांतून पोटासाठीं युरोपांत गेलेल्या लोकांचा इतिहास लिहावयाचा झाला, तर त्याचें पहिलें प्रकरण या खलाशाच्या नांवावर लिहावें लागेल. आज हा विषय काढण्यास कारणही तसेंच आहे. फेब्रुवारी २०२४ मध्यें महाराष्ट्र शासनानें जर्मनींतील बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशीं कुशल मनुष्यबळ पुरविण्याविषयीं सामंजस्य करार केला. परिचारिका, वाहनचालक, वीजतंत्री अशा कामांसाठीं येथील तरुणांनीं तिकडे जावें, असा त्याचा हेतु. कामाचा परवाना, व्हिसा, नेमणुकीचा करारनामा हे शब्द त्यामुळें आपल्या घरोघरीं ऐकूं येऊं लागले आहेत. हे शब्द नवे वाटले तरी त्यांच्या मागची गोष्ट जुनी आहे. परक्या देशांत काम करणाऱ्या मनुष्याच्या हातीं जो कागद असतो, तो त्याच्या संरक्षणासाठीं असतो कीं त्याला बांधून ठेवण्यासाठीं, हा प्रश्न कोंकणच्या खलाशानें दोनशें वर्षांपूर्वींपासून अनुभवलेला आहे.

प्रथम हे लोक कोण होते तें पाहूं. इंग्रज त्यांस ‘लॅस्कर’ म्हणत. हा शब्द फारसी ‘लष्कर’ याचेंच भावंड होय. पोर्तुगीजांनीं तो पदरच्या देशी शिपायांस लावला, आणि इंग्रजांनीं पुढें आशियांतील हरएक खलाशास तेंच नांव दिलें. मुंबईहून सुटणाऱ्या पी. अँड ओ. कंपनीच्या आगबोटींवर कामाची वांटणी प्रदेशवार ठरून गेली होती. फळीवरील दोर, नांगर, रंगकाम व धुणेंपुसणें हीं कामें मुख्यत्वें कोंकणी मुसलमान आणि गुजराथच्या किनाऱ्यावरील लोक करीत. भट्टीपुढें आगवाले व कोळसेवाले म्हणून पंजाबी व पठाण घेत. उतारूंची जेवणखोली आणि स्वयंपाकघर गोवेकर ख्रिस्ती मंडळींच्या हातीं असे. फळीवरील लोकांचा मुख्य तो सारंग. त्याच्या हाताखालीं टंडेल, सामानाच्या कोठीवर कसाब, सुकाणूवर सुकाणी, रांधपास भंडारी, झाडलोटीस टोपस. बाणकोट, दाभोळ, जयगड, राजापूर या खाड्यांच्या कांठचीं गांवें पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगलीं. शिडाचीं गलबतें मागें पडलीं, तेव्हां तेथील तरुणांनीं आगबोटीची वाट धरली. खाडीकांठची जमीन थोडी, तींतही खोताचा वांटा; अशा स्थितींत दरमहा ठरलेलें वेतन आणि पोटाला अन्न ही लहान गोष्ट नव्हती. तेव्हां या लोकांस कोणीं फसवून नेलें, असें सरसकट समजणें बरोबर होणार नाहीं. ते समजून उमजून गेले. पण ज्या अटींवर गेले, त्या अटी लिहिणारा हात त्यांचा नव्हता.

आतां कायद्याकडे वळूं. इ. स. १६६० च्या इंग्रजी नौकानयन कायद्यानें असें ठरविलें कीं इंग्रजी गलबतावरील तांडेलाखालचे निदान तीन-चतुर्थांश खलाशी इंग्रजच असावेत. इकडे प्रत्यक्ष व्यवहार निराळा होता. विलायतेहून निघालेल्या जहाजावरचे किती तरी इंग्रज खलाशी वाटेंत रोगानें मरत, कांहीं हिंदुस्थानांत पळून जात, कांहींस आरमारवाले बळानें उचलून नेत. मग परतीच्या प्रवासास माणसें कोठून आणावयाचीं? तीं मुंबई, सुरत, कलकत्ता येथें मिळत. अशा रीतीनें हिंदी खलाशी लंडनास पोंचे. पण तेथून जहाज पुन्हां निघे, तेव्हां कायद्याप्रमाणें इंग्रज खलाशी भरले जात, आणि आमचा मनुष्य थेम्स नदीच्या कांठीं, परक्या थंडींत, पुढल्या जहाजाची वाट पाहत बसे. १७८६ सालीं लंडनांत काळ्या गरिबांच्या साहाय्यार्थ जी समिति निघाली, तिच्याकडे मदतीसाठीं येणाऱ्यांत हे खलाशीही होते.

या हालांची ओरड पार्लमेंटापर्यंत गेली, आणि १८१४ व १८२३ सालीं त्याविषयीं कायदे झाले. त्यांत दोन गोष्टी एकत्र गुंफलेल्या होत्या, आणि त्या नीट वेगळ्या करून पाहिल्याशिवाय पुढचा सारा इतिहास समजावयाचा नाहीं. पहिली गोष्ट दयेची: खलाशास अन्नवस्त्र द्यावें व त्याला त्याच्या देशीं परत पोंचवावें, ही जबाबदारी जहाजमालकावर व कंपनीवर टाकली. दुसरी गोष्ट हिशेबाची: हे लोक कंपनीच्या मुलखांत जन्मले असले तरी जहाजावरील ब्रिटिश खलाशांच्या गणतींत त्यांस धरूं नये, असें १८२३ च्या कायद्यानें म्हटलें. परत पोंचविण्याच्या दयेचा अर्थ असाही होता कीं त्यानें तेथें राहूं नये. एकाच वाक्यांत आसराही होता आणि हद्दपारीही होती.

तरीही लोक मागें राहतच. १८५७ सालीं लंडनच्या लाइमहाउस भागांत परदेशी आशियाई खलाशांसाठीं एक वसतिगृह उघडलें. त्याच्या आदल्या वर्षीं त्याची कोनशिला राणीचे यजमान प्रिन्स आल्बर्ट यांच्या हस्तें बसली होती, आणि पंजाबच्या पदच्युत महाराजा दुलीपसिंगांनीं त्यास ५०० पौंड दिले होते. हें गृह १९३७ पर्यंत चाललें. तेथें खलाशास निवारा मिळे, आणि त्याला परतीच्या जहाजावर चढवून देण्याची व्यवस्थाही तेथूनच होई.

नौकानयनाचे जुने निर्बंध १८४९ सालीं उठले आणि १८६९ सालीं सुवेझचा कालवा खुला झाला. मुंबई विलायतेच्या जवळ आली. आगबोटींना माणसें हवीं होतीं, आणि माणसें स्वस्तांत मिळत होतीं. हिंदी खलाशाचें वेतन गोऱ्या खलाशाच्या चौथ्या-पांचव्या हिश्श्याइतकें असे. त्याच्याशीं होणारा करारही निराळा असे. गोरा खलाशी एका सफरीपुरता बांधला जाई व कोणत्याही इंग्रजी बंदरांत मोकळा होऊन दुसरें जहाज पाही. हिंदी खलाशी सामान्यतः दोन वर्षांपर्यंतच्या करारानें बांधला जाई. मालक त्याला एका जहाजावरून दुसऱ्यावर बदली करूं शके. आणि त्याची सुटका हिंदुस्थानांतील बंदरांतच व्हावयाची. जहाज सोडून गेल्यास तो गुन्हा, आणि त्यास तुरुंगवास. म्हणजे वेतन कमी कां, असें विचारून दुसरा धनी पाहण्याचा जो साधा हक्क मजुरास असतो, तोच या करारानें काढून घेतला होता.

राहण्याच्या जागेचा हिशेब शाळेंतील मुलांना गणित म्हणून घालण्यासारखा आहे. १८९४ च्या इंग्रजी व्यापारी नौकानयन कायद्याप्रमाणें प्रत्येक खलाशास ७२ घनफूट जागा मिळावयास हवी होती. हिंदी खलाशास हिंदुस्थानांतील कायद्यान्वयें ३६ घनफूट पुरेशी ठरविली होती. छत्तीस घनफूट म्हणजे सहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि दोन फूट उंच अशी एक पेटी. जागेचें माप सबंध कोठीचें धरून माणशी काढीत हें खरें. तरी दर माणशीं वांट्यास एवढीच पेटी येई. १९०६ सालीं कायदा सुधारला, आणि गोऱ्या खलाशाची जागा १२० घनफूट झाली. हिंदी खलाशास त्या सुधारणेंतून वगळलें. बारा वर्षांपूर्वीं तो निम्मा मनुष्य होता. सुधारणेनंतर तो एक-तृतीयांशाहूनही कमी झाला.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. त्या म्हणत, हे लोक दारू पीत नाहींत, शिस्तीचे आहेत, उष्ण समुद्रांत टिकतात, आणि आम्ही त्यांस त्यांच्या धर्माप्रमाणें अन्न देतों. यांतील बरेंच खरें होतें. तांदूळ, डाळ, तूप, सुकी मासळी व मसाला यांचा शिधा ठरलेला असे, आणि भंडारी त्यांचाच असे. पण ज्या गुणांची तारीफ झाली, त्या गुणांचें मोल मात्र झालें नाहीं. याच वेळीं गोऱ्या खलाशांचे संघ या लोकांविरुद्ध मोहीम चालवीत होते. त्यांच्या भाषणांत वर्णद्वेष भरपूर होता, तथापि त्यांची भीति सर्वथा खोटी नव्हती. कारण चौथ्या हिश्श्याच्या वेतनावर काम करणारा मनुष्य शेजारीं उभा केला, कीं पूर्ण वेतन मागणाऱ्याचें आसन डळमळतेंच. समान काम व समान वेतन असा नियम केला असता, तर भांडणाचें मूळच उरलें नसतें. तो नियम कोणासच नको होता: मालकास खर्चासाठीं नको होता, आणि गोऱ्या संघास आपल्या शेजारीं काळा मनुष्यच नको होता.

आतां नोकरी मिळे कशी तें पाहूं. मुंबईंत सारंग हाच भरतीचा दरवाजा. कंपनी सारंग निवडी, आणि सारंग आपल्या गांवचे, नात्यागोत्याचे लोक आणी. यांत एक मोठा दिलासा होता. परक्या समुद्रावर आजारी पडलें तर विचारणारें कोणी असे, आणि घरीं निरोप जाई. परंतु तोच सारंग दस्तुरी घेई, तोच व्याजानें पैसे देई, आणि पुढील सफरींत घ्यावयाचें कीं नाहीं हेंही त्याच्याच मर्जीवर असे. एक सफर संपल्यावर दुसरी मिळेपर्यंत महिनेच्या महिने मुंबईंत काढावे लागत, आणि तेवढ्या काळांत मागील कमाई कर्जांत जाई. गोवेकरांनीं यावर एक उत्तम तोड काढली होती. प्रत्येक गांवानें मुंबईंत आपलें ‘कूड’ म्हणजे सामाईक निवासस्थान चालविलें. तेथें पेटी ठेवावी, झोपावें, प्रार्थना करावी आणि जहाजाची वाट पाहावी.

या दलालीच्या प्रश्नांत आपल्या पुण्याचा धागा येतो, आणि तो आपण विसरलों आहोंत. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९०५ सालीं येथें स्थापिलेल्या भारत सेवक समाजाचे सभासद नारायण मल्हार जोशी यांनीं मुंबईच्या कामगारांच्या संघटनेस आयुष्य वाहिलें. १९१९ सालीं वॉशिंग्टन येथें आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेची पहिली बैठक भरली, तेव्हां हिंदी कामगारांचे प्रतिनिधि म्हणून तेच गेले होते. पुढल्याच वर्षीं जिनोआ येथें केवळ नाविकांच्या प्रश्नांसाठीं बैठक भरली, आणि नाविकास नोकरी लावून देण्याबद्दल कोणींही त्याच्याकडून पैसे घेऊं नयेत, असा ठराव आंतरराष्ट्रीय करार म्हणून संमत झाला. १९२२ सालीं हिंदुस्थान सरकारनेंही भरतीच्या चौकशीसाठीं समिति नेमली. समाजाचे कार्यकर्ते पी. जी. काणेकर यांनीं मुंबईंतील खलाशांच्या राहणीची व कामाची पाहणी करून तिचा अहवाल १९२८ सालीं प्रसिद्ध केला. आणि दिनकर देसाई यांनीं हिंदुस्थानांतील नाविक मजुरांवरील आपला ग्रंथ १९४० सालीं समाजातर्फेंच छापला. खलाशांच्या वस्तींत जाऊन, त्यांचीं कर्जें व त्यांचीं वेतनें लिहून घेणारीं हीं माणसें होतीं. हातांत आंकडे असल्याशिवाय सरकाराशीं वाद घालूं नये, ही गोखल्यांची शिकवण त्यांनीं गोदीपर्यंत नेली.

पहिल्या महायुद्धाच्या आरंभीं ब्रिटिश व्यापारी जहाजांवर सुमारे ५१ हजार हिंदी खलाशी होते. जर्मनींतील ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या जहाजांवर चाकरीस असलेले हिंदी खलाशी युद्ध सुरू होतांच शत्रुराष्ट्राचे प्रजाजन म्हणून तेथेंच अडकून पडले. ब्रिटिश जहाजांवर असलेल्यांपैकीं ३,४२७ मृत्यु पावले आणि १,२०० कैदी झाले. त्यांच्या हातांत बंदूक नव्हती. पाणतीर लागलेल्या जहाजांत भट्टीजवळ किंवा तळघरांत जो असेल, त्यास वर येण्यास सर्वांत कमी वेळ मिळतो, एवढें सांगितलें म्हणजे पुरे.

युद्ध संपल्यावर काय झालें? १९१९ सालीं कार्डिफ, लिव्हरपूल, साउथ शील्ड्स या बंदरांत बेकार झालेल्या गोऱ्या जमावांनीं काळ्या खलाशांवर हल्ले केले. १९२२ च्या मे महिन्यांत लंडनहून मुंबईस निघालेली ‘इजिप्त’ नांवाची आगबोट फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ धुक्यांत दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली आणि ऐंशींहून अधिक माणसें दगावलीं. विलायती वृत्तपत्रांनीं हिंदी खलाशी घाबरले, त्यांनीं होड्यांकडे धांव घेतली, असा गिल्ला केला. चौकशीअंतीं मात्र शिक्षा झाली ती कप्तानास, आणि त्याचें प्रमाणपत्र सहा महिने स्थगित झालें.

आणि मग १९२५ सालीं तो हुकूम निघाला, ज्याच्यासाठीं मीं ही सर्व पूर्वपीठिका सांगितली. ‘वर्णीय परकीय नाविकांविषयीं विशेष निर्बंध’ असें त्याचें नांव. ब्रिटिश बंदरांत उतरणाऱ्या प्रत्येक वर्णीय परकीय नाविकानें पोलिसांकडे नोंद करावी, छायाचित्र असलेलें ओळखपत्र बाळगावें, आणि आपण ब्रिटिश प्रजाजन आहों असें म्हणणें असेल तर तें कागदानें सिद्ध करावें. आतां पाहा, कायद्याच्या भाषेंत रत्नागिरीचा खलाशी परकीय मुळींच नव्हता. तो ब्रिटिश साम्राज्याचा प्रजाजन होता, आणि प्रजाजनास इंग्लंडांत राहण्यास वा काम करण्यास परवाना लागत नसे. परंतु खलाशास त्याच्या धंद्यांत पासपोर्ट लागतच नसे. मग तो दाखविणार कोठून? त्याच्यापाशीं एकच कागद असे, तो म्हणजे नोकरीचा दाखला. त्यांत सफरींची नोंद व वर्तणुकीचा शेरा असे. पूर्वीं तो टिनच्या नळींत घालून सांभाळीत, म्हणून खलाशांच्या बोलींत त्या दाखल्यालाच ‘नली’ म्हणूं लागले. नली हरवली म्हणजे भाकर हरवली, अशी तिची किंमत. पण कार्डिफच्या पोलिस चौकींत नली पुरेशी ठरली नाहीं. तींत नोकरी लिहिली होती, राष्ट्रीयत्व लिहिलें नव्हतें. परिणामीं पुष्कळ हिंदी प्रजाजन तेथें ‘परकीय’ म्हणून नोंदले गेले. ज्या राजासाठीं युद्धांत जहाज चालविलें, त्याच राजाच्या बंदरांत मनुष्य एका कागदावांचून परका झाला.

हा केवळ पोलिसांचा आडमुठेपणा होता असें मला वाटत नाहीं. शंभर वर्षें खलाशास परत धाडण्याचें काम करार करीत होता. पण जे थोडे लोक करार संपवून किंवा मोडून किनाऱ्यावर राहिले, त्यांस हात लावण्यास कायद्यांत जागा नव्हती, कारण ते प्रजाजन होते. ती जागा या हुकुमानें उत्पन्न केली. प्रजाजनास बाहेर काढतां येत नव्हतें, म्हणून तो प्रजाजन आहे कीं नाहीं याचाच पुरावा मागितला. आणि पुरावा कोणता चालेल हें ठरविण्याचा अधिकार मागणाऱ्यानेंच आपल्याकडे ठेविला. हिंदुस्थान सरकार व लंडनांतील इंडिया ऑफिस यांनीं तक्रारी केल्या, कांहींस पुढें ओळखीचे दाखलेही मिळाले. तथापि १९३५ च्या कायद्यानें जहाजकंपन्यांस सरकारी साहाय्य देतांना ब्रिटिश प्रजाजनांस प्राधान्य द्यावें अशी अट आली, तेव्हां तोच कागद नोकरीचाही प्रश्न होऊन बसला.

दुसरें महायुद्ध १९३९ च्या सप्टेंबरांत सुरू झालें, आणि या वेळीं मात्र खलाशांनीं आपली किंमत ओळखली. लंडन, ग्लासगो, साउदॅम्प्टन व अन्य बंदरांत त्यांनीं वेतनवाढ व युद्धभत्ता मिळाल्याखेरीज निघण्यास नकार दिला. करारभंगाबद्दल कित्येकांस तुरुंगांत घातलें; पण जहाजें अडलीं होतीं, आणि अखेर वेतन वाढवावें लागलें. शंभर वर्षांच्या अर्जविनंत्यांनीं जें झालें नव्हतें, तें कांहीं आठवड्यांत झालें. या युद्धांत ६,६०० हिंदी नाविक मृत्यु पावले, १,०२२ जखमी झाले आणि १,२१७ कैदी झाले. मुंबईंत मशीद बंदरानजीक हिंदी नाविकांचें वसतिगृह आहे. तेथें पहिल्या युद्धांत समुद्रावर मेलेल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचें स्मारक आहे, आणि दुसऱ्या युद्धांतील मृतांच्या नांवांची यादीही आहे. तिचीच दुसरी प्रत चितगांव येथें ठेविली आहे. ज्यांच्या पार्थिवाला मातीही मिळाली नाहीं, त्यांचीं नांवें तेवढीं त्या पानांवर आहेत. आमच्या इतिहासाच्या पुस्तकांत वास्को द गामा असतो. पण त्याच्यानंतर चारशें वर्षें तीच वाट झिजविणारा सारंग कोठें असतो?

पुढील हकीकत थोडक्यांत सांगतों. १९४८ च्या ब्रिटिश राष्ट्रीयत्व कायद्यानें राष्ट्रकुलांतील नागरिकांस इंग्लंडांत येण्याची मोकळीक कायम ठेविली. १९६२ सालीं ती संपली आणि कामाचें ‘व्हाउचर’ असल्याशिवाय तेथें नोकरीसाठीं जातां येईनासें झालें. पश्चिम जर्मनीनें १९६१ सालीं तुर्कस्थानाशीं मजूर आणण्याचा करार केला. त्यांतही प्रथम दोन वर्षांची मुदत होती: काम करावें, परत जावें, दुसऱ्यानें यावें. ‘लॅस्कर’च्या करारांतही दोनच वर्षें होतीं, याची येथें आठवण होते. तेथील कारखानदारांनाच दर दोन वर्षांनीं शिकविलेला मनुष्य घालवून नवा शिकविणें परवडेना, आणि १९६४ सालीं ती मुदत गेली. आपल्या देशांतही एक मोठी गोष्ट घडली: १९६७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें परदेशीं जाण्याचा हक्क हा व्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग ठरविला, आणि पासपोर्ट देणें न देणें ही सरकारची मर्जी राहिली नाहीं, त्यासाठीं त्याच वर्षीं कायदा झाला. नाविकांच्या हक्कांविषयींचा २००६ चा आंतरराष्ट्रीय करार २०१३ पासून अंमलांत आला, आणि भारतानें तो २०१५ सालीं मान्य केला. नोकरी लावून दिल्याबद्दल नाविकाकडून पैसे घेऊं नयेत, मालकानें त्यास स्वखर्चानें घरीं पोंचवावें, हीं तत्त्वें त्यांत आहेत. जिनोआस १९२० सालीं जें संमत झालें, तें एवढ्या वर्षांनीं येथपर्यंत आलें.

श्रोतेहो, आज जर्मनीस किंवा अन्य देशास निघणारा आपल्या घरचा मुलगा खलाशाच्या पेटींत झोपणार नाहीं, ही समाधानाची गोष्ट आहे. तो शिकलेला आहे, त्याच्यामागें त्याचें स्वतःचें राज्य आहे, आणि तिकडील कायदाही बदलला आहे. परंतु इतिहासानें शिकविलेले कांहीं प्रश्न त्याच्या सामानांत अवश्य घालून द्यावेत. नोकरी मिळवून देणारा पैसे कोणाकडून घेतो, मालकाकडून कीं मजुराकडून? परवाना मनुष्याच्या नांवावर आहे कीं एका धन्याशीं बांधलेला आहे, आणि तो धनी वाईट निघाल्यास दुसरा पाहण्यास किती अवधि मिळतो? मूळ कागद कोणाच्या पेटींत राहावयाचे? शेजारीं तेंच काम करणाऱ्या तद्देशीय मनुष्यास किती वेतन आहे? आणि काम सुटल्यास परतीचें भाडें कोणाच्या माथीं? करारनामा कितीही सुबक छापलेला असला, तरी या पांच प्रश्नांचीं उत्तरें त्यांत सांपडेपर्यंत त्यावर सही करूं नये. उत्तरें परक्या भाषेंत असतील, तर ती भाषा जाणणाऱ्या मनुष्याकडून तीं वाचून घ्यावींत.

दाभोळच्या किंवा जयगडच्या खलाशास हे प्रश्न विचारतां आले नाहींत. विचारले असते तर सारंगानें दुसरा गडी उभा केला असता. त्यांची बाजू लिहून ठेवावयास एक जोशी, एक काणेकर, एक देसाई यावे लागले. आज परदेशीं गेलेल्यांचीं पत्रें, त्यांच्या वेतनाचे कागद, त्यांच्या तक्रारी या घरांतच राहतात आणि घराबरोबर नाहींशा होतात. त्या जपून ठेवाव्या, त्यांची मोजदाद व्हावी, आणि तिकडे कोण कशा स्थितींत आहे हें येथील समाजास आंकड्यांनिशीं ठाऊक असावें. रत्नागिरीच्या खाड्यांवरील कित्येक घरांत अजूनही पणजोबांची ती जुनी नली असेल. ज्यांच्या घरीं ती असेल, त्यांनीं ती टाकून देऊं नये. तिच्यावरील प्रत्येक शिक्का हा महाराष्ट्राच्या इतिहासाचा लेखी पुरावा आहे.